डब्यावरचं चौदावं नाव

निलाक्का. हे नाव आधी लिहून टाकतो, कारण गेली कित्येक वर्षं ते घ्यायचं मी टाळत आलोय. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढलो, पदवी घेतली, आणि आज शाहूपुरीतल्या एका ऑफिसात पंख्याखाली बसून चार माणसांना कामं सांगतो. यातलं माझ्या हुशारीनं किती मिळालं ते मला माहीत नाही. निलाक्काच्या भाकऱ्यांवर किती मिळालं ते मात्र नक्की माहीत आहे. तीन वर्षं ती रोज माझ्यासाठी भाकऱ्या थापत होती. ती माझी आई नव्हे, मावशी नव्हे. शेजारीण होती.

परवा घट बसले. ऑफिसच्या खाली आमचं गोदाम आहे. या दिवसांत तिथं मोठ्या पातेल्यांतून तूप कोमट करून एकत्र करतात आणि डब्यांत भरतात. तो वास जिना चढून वर येतो, कागदांना लागतो, शर्टाला लागतो. बसमध्ये शेजारचा माणूस हसून विचारतो, "पावणं, लग्नाचं जेवून आलासा काय?" वास चांगलाच असतो. पण नवरात्र आलं की मला तो अंगावरून धुऊन टाकावासा वाटतो.

काल छापखान्यातून लेबलाचा नमुना आला. वर म्हशीचं चित्र, मध्ये संघाचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत गावांची नावं. तपासून, सही करून परत द्यायचा असतो. दरवर्षी मी नावं मोजतो, तेरा भरतात, सही करतो. काल मोजली, पेन उघडला आणि तसाच बसून राहिलो.

आमचा संघ लहान आहे. पावसाळा सरता सरता म्हशी वितात, हिरव्या चाऱ्याला तोटा नसतो, आणि गावोगावच्या दूध संस्थांत इतकं दूध येतं की घेणारे हात आखडता घेतात. त्या काळात आठवड्यातून एखाद्या दिवशी दुधाला सुट्टी असायची, म्हणजे त्या दिवशी दूध घेतलंच जायचं नाही. म्हशीला सुट्टी कोण समजावणार? मग त्या दिवशीच्या दुधाचं लोणी, लोण्याचं तूप. पण एकट्या गावाचं तूप घेऊन कोल्हापुरात गेलं तर दुकानदार दारात उभं करत नाही. त्याला एकसारखं, हवं तेव्हा, हवं तेवढं लागतं. म्हणून गडहिंग्लजच्या बाजूच्या चौदा गावांच्या संस्था एकत्र आल्या. चौदा गावांचं तूप एका पातेल्यात, एका नावानं, एका डब्यात. कुणी आपल्या गावाचं वेगळं दाखवायचं नाही, वेगळं विकायचं नाही, ही पहिली अट. आमच्या गावची संस्था बायकांची होती आणि निलाक्का तिची चेअरमन होती.

तिचं खरं नाव नीलव्वा. आमच्या भागात मराठी आणि कन्नड एकाच ताटात वाढलेली असते. मला ती 'तम्मा' म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. दूध गोळा करायची खोली तिच्या घराला लागूनच. सकाळी साडेसहाला गाडी तिच्या दारात लागायची, कॅन चढायचे आणि गाडी कोल्हापूरला निघायची. मला कोल्हापूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, चौघांत एक खोलीही मिळाली, पण मेसला जेवायची ऐपत नव्हती. आई उजाडायच्या आत लोकांच्या रानात भांगलायला, तण काढायला जायची, त्यामुळे आमची चूल सकाळी पेटायचीच नाही. निलाक्का आईला म्हणाली, "दूध रोज कोल्हापूरला जातंय. त्याच्यासंगं दोन भाकऱ्या गेल्या तर गाडीला काय वजन हुतंय?"

एवढ्या एका वाक्यावर माझं शिक्षण झालं. गाडीचा ड्रायव्हर हैदरमामा डबा कॅनांच्या मधोमध ठेवायचा. नुकत्याच काढलेल्या दुधाचे कॅन ते, त्यांच्या उबेत भाकरी कोमट राहायची. मी शाहूपुरीच्या कोपऱ्यावर सायकल धरून उभा असायचो. हैदरमामा गाडी पुरती थांबवायचाही नाही. "घे रं बारिष्टर, तुझं कोर्ट आलं!" असं ओरडून डबा खाली द्यायचा. खोलीतली पोरं मला 'दुधाच्या गाडीचा जावई' म्हणायची. नदीला पूर येऊन रस्ता बंद झाला किंवा दुधाला सुट्टी असली तर डबा नाही; एरवी एक दिवस चुकला नाही. तिच्या घरी लग्न होतं त्या दिवशीही नाही. त्या दिवशी डब्यात होळगी होती, म्हणजे तिच्या हातची पुरणाची पोळी, आणि तिच्यावर अंगठ्याएवढा तुपाचा गोळा.

ते तूप. भाद्रपद लागला की तिच्या घरामागच्या परड्यात मोठ्या चुली पेटायच्या. संस्थेच्या अकरा बायका लोणी कढवायला बसायच्या. आधी भांडं खूप बोलतं, फेस वर येतो, मग फेस बसतो आणि तळाला बेरी धरू लागते. बाकीची गावं रंगावरून ओळखतात. आमच्या गावात शेवटी विड्याचं पान टाकायची रीत. पान पडलं की चुर्र होतं, आणि ते कुरकुरीत होऊन आवाज थांबला की भांडं खाली उतरवायचं. "पान गप झालं की तूप झालं," असं निलाक्का सांगायची. त्या तुपाचा रवा बोटावर ज्वारीच्या कण्यांसारखा लागायचा, आणि वास असा की झाकण उघडलं की शेजारची खोलीही गप्प व्हायची. तळाच्या बेरीत गूळ कालवून ती माझ्या डब्यात घालायची. खोलीतल्या पोरांनी तेवढ्यापुरतं जावई म्हणायचं बंद केलं होतं.

मी बी.कॉम. झालो त्याच वर्षी संघाला शहरात फिरून तूप विकणारा माणूस हवा होता. निलाक्का सभेत उठून म्हणाली, "आमच्या तम्माला घ्या. तीन वर्सं त्यानं दुधाच्या गाडीची वाट बघितलिया. तेला दुधाची किंमत कळतीया." सगळे हसले, आणि मला नोकरी लागली.

इस्त्रीचा शर्ट घालून मी राजारामपुरीच्या गल्ल्या फिरू लागलो. नमुना दाखवायचीही संघात एक रीत होती. तो मोठ्या पातेल्यातूनच घ्यायचा, म्हणजे जे विकायचं तेच दाखवायचं. ते तूप चांगलं होतं. आज हे लिहिताना मुद्दाम सांगतो, ते खरंच चांगलं होतं. फक्त साधं होतं. पण दुकानातल्या काचेच्या कपाटासमोर, मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत डब्यांसमोर पिशवीतून आमची बाटली काढताना मलाच ती गावठी वाटायची. दुकानदारानं तोंड उघडायच्या आत माझी मान खाली गेलेली असायची. लाज मला माझीच वाटत होती, तूप बिचारं मध्ये सापडलं.

गौरी-गणपतीला गावी गेलो. निघताना निलाक्कानं एक चिनी मातीची बरणी माझ्या हातात दिली. "खोलीवर एकटाच ऱ्हातोस. भातावर घे. आनि वाटत बसू नगो, तुज्यासाटनं काढलंय." मी खोलीवर आलो, झाकण उघडलं, वास आला, आणि माझ्या डोक्यात ते शिरलं. दुधातलं फॅट तपासायच्या नमुन्याच्या बाटल्या ऑफिसात धुऊन ठेवलेल्या होत्या. त्या घेऊन आलो. बरणीतलं तूप चमच्याचमच्यानं एकेका बाटलीत भरलं, वर संघाची चिठ्ठी डकवली आणि राजारामपुरी गाठली. मनाची समजूत घातली, की यात खोटं काय? चौदा गावांच्या तुपात हेही तूप आहेच की. भातावर घ्यायला दिलेलं मी बाजारात नेलं, हे तेव्हा मनात आलंसुद्धा नाही.

एका मोठ्या मिठाईच्या दुकानातल्या शेठनं बाटलीत काडी बुडवली, मनगटावर चोळली, नाकाशी नेली आणि गल्ल्यावरच्या बायकोला म्हणाला, "बघ गं, तुझ्या माहेरात असा वास येत हुता काय?" तिनं वास घेतला आणि नुसती मान डोलावली. त्या दुकानाची दसरा-दिवाळीची सगळी मागणी मला मिळाली. त्याच्याकडं बघून आणखी पाच-सहा दुकानांची मिळाली. संघाचे चेअरमन तात्या कुणाची सहज स्तुती करणारे नव्हते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. हैदरमामानं निलाक्काचा निरोप आणला: "तम्माला म्हनावं, मी गावभर सांगितलं."

घट बसले, माल गेला. तिसऱ्या दिवशी शेठनं मला बोलावून घेतलं. समोर आमचा डबा उघडा, आणि बाजूला माझी बाटली. त्यानं ती जपून ठेवली होती. तळाशी पानाचा एक काळपट तुकडा होता. बरणीतून आलेला, मी न पाहिलेला. भर गिऱ्हाइकांत तो म्हणाला, "पावणं, नवरी दाखवलीसा एक, आनि बोहल्यावर उभी केलीसा दुसरीच की!"

सगळं दुकान हसलं.

"ही बी वंगाळ न्हाय हां," तो डब्याकडं बोट करून म्हणाला. "चांगल्या घरची दिसतीया. पर मी होकार हिला दिला नव्हता." त्यानं डबे परत केले. दोन दिवसांत बाकीच्या दुकानांतूनही डबे परत आले आणि गोदामाच्या दारात त्यांची चळत लागली.

तात्यांनी सभा बोलावली. मी आज बसतो त्याच खोलीत. गावोगावची माणसं सकाळच्या एस.टी.नं आली. निलाक्का खिडकीजवळ बसली होती, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. तात्यांनी शेठकडून आलेली बाटली टेबलावर ठेवली. ती हातोहात फिरली, प्रत्येकानं वास घेतला, आणि प्रत्येकाला कळलं.

"सदाशिव, ह्या बाटल्या भरल्या कुणी?" तात्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "गोदामात भरून ठेवलेल्या होत्या. मी नुसत्या नेल्या."

वाक्य एवढंच. ते बोलायला मला काहीच त्रास झाला नाही. शिकलेल्या माणसाला वाक्य पटकन जमतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "पान कोन टाकतंय ते आता भोंगा लावून सांगाय पायजे व्हय?" दुसरा म्हणाला, "तूप पोचवाय आल्या तवा हळूच आपल्याच तुपानं बाटल्या भरून गेल्या. लई शान्या बाया!" तिसरा म्हणाला, "शेठला पान खिलवलं की आक्कांनी!" हशा झाला. तात्या हसले नाहीत.

"आक्का, तुमी जुन्या मानूस," ते म्हणाले. "पयली अट तुमच्यासमोर ठरली. वेगळं मिरवायचं न्हाय. मग तुमच्याच गावचं तूप एकटं दुकानात कसं गेलं?"

निलाक्कानं बाटलीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. त्या वर्षी तिच्या परड्यातून एकच बरणी वेगळी बाहेर पडली होती, आणि ती कुणाच्या हातात दिली हे तिला माहीत होतं. पान गप व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ ती माझ्याकडं बघत होती. मी समोरचे कागद सरळ करत होतो. ते आधीच सरळ होते.

"माज्याच हातनं गेलं," ती म्हणाली. "बायकांकडं बोट दावू नगा."

तेव्हा बोलता आलं असतं. त्यानंतर सभा आणखी अर्धा तास चालली, तेव्हाही बोलता आलं असतं. ठराव झाला: आमच्या गावचं तूप यापुढे घ्यायचं नाही, आणि नव्या लेबलावरून गावाचं नाव काढायचं. ठराव लिहून घ्यायचं काम माझंच होतं. अक्षर चांगलं म्हणून ते माझ्याकडं असायचं.

माणसं जिना उतरू लागली. निलाक्का सगळ्यात शेवटी उठली, पिशवी काखेत मारली, माझ्या टेबलापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "जेवलास का न्हाय, तम्मा?"

मी "जेवलो" म्हणालो. तेही खोटंच होतं.

चार दिवसांनी दसरा. सोनं लहानानं मोठ्याच्या घरी जाऊन द्यायचं असतं. मी गावी गेलो नाही. दुपारी हैदरमामा खोलीवर आला आणि आपट्याची पानं माझ्या हातात ठेवून म्हणाला, "आक्कानं दिलंय. म्हनली, पोरगं कामात आसंल, तेला यायला जमायचं न्हाय." पानं घेऊन मी दारात उभा राहिलो. हैदरमामा जाता जाता म्हणाला, "उलटं सोनं पयल्यांदाच पोचवलं बग मी." त्याला काही ठाऊक नव्हतं. तो सहज बोलला.

निलाक्काच्या परड्यातल्या चुली थंड झाल्या. अकरा बायकांतल्या काही माझ्या आईबरोबर भांगलायला जाऊ लागल्या. सुट्टीच्या दिवशीचं लोणी गावात येईल त्या फिरत्या व्यापाऱ्याला तो म्हणेल तसं द्यायचं, असं सुरू झालं. निलाक्कानं चेअरमनपद सोडलं. हे सगळं मला आई सांगायची. आईला वाटायचं, मी संघात आहे तर मला कारण माहीत असेल. मला माहीत होतं.

आणि पुढच्या वर्षीची गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. मी त्याच शेठकडं गेलो, या वेळी मोठ्या पातेल्यातला नमुना घेऊन. त्यानं काडी बुडवली, मनगटावर चोळली आणि म्हणाला, "हीच न्हवं व्हय गेल्या वर्षीची? आता नीट वळख करून दिलीसा. घेतो की!" तेव्हापासून तो आमचंच तूप घेतोय. म्हणजे खोटं बोलायची गरजच नव्हती. चौदा गावांचं तूप जसं होतं तसंच विकलं गेलं असतं. त्याच्यावर विश्वास नव्हता तो फक्त माझा, आणि ते विकायला त्यांनी नेमकं मलाच पाठवलं होतं.

तात्या थकले, कामं माझ्याकडं आली, मी मॅनेजर झालो. चौदावं नाव परत घालायची सूचना मी केव्हाही मांडू शकलो असतो. पण कुणीतरी विचारलं असतं, का? त्या एका 'का'ला भिऊन मी दरवर्षी तेरा नावांवर सही केली. एका पातेल्यात सगळ्यांचं तूप ओतलं की कुठला थेंब कुणाचा ते सांगता येत नाही. एकत्र विकण्यातलं बळ तिथंच आहे. लहानातल्या लहान गावाचं तूपही मोठ्या दुकानात जाऊन बसतं. मी त्या पातेल्यात माझं खोटं ओतलं आणि ते सगळ्यांत मिसळून गेलं असं समजून राहिलो. ते मिसळलं नाही. ते एकाच गावाच्या वाट्याला गेलं.

आता गावात बऱ्याच जणांकडं मोबाईल आहेत. निलाक्काच्या मुलाचा नंबर माझ्याकडं आहे. पण फोन लावला तर मी पाऊसपाण्याचं विचारीन, म्हशींचं विचारीन आणि ठेवून देईन. माझी मला सवय माहीत आहे. म्हणून पत्र लिहिलं. आज सकाळी पोस्टात टाकलं. त्याची नक्कल इथं देतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

*

ती. निलाक्कास,

सदाशिवचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र घरात कुणी मोठ्यानं वाचून दाखवलं तरी चालेल. शेजारचे ऐकत असले तर ऐकू दे.

त्या वर्षी बाटल्या गोदामात भरून ठेवलेल्या नव्हत्या. त्या मी माझ्या खोलीवर भरल्या, तू मला भातावर घ्यायला दिलेल्या बरणीतून. तुझ्या कुणाही बाईनं काही केलं नव्हतं. तूही नाही. तुला हे त्या दिवशीच कळलं होतं, आणि तुला कळलंय हे मला कळलं होतं. बाकी कुणालाच माहीत नाही.

येत्या सोमवारी, दसऱ्याच्या आधी, संघाची सभा आहे. पहिला विषय मी माझ्या हातानं लिहिला आहे. बाटल्या कुणी भरल्या आणि खोटं कोण बोललं ते मी उभं राहून सांगणार आहे. मला ठेवायचं की काढायचं ते त्यांनी ठरवावं. आपल्या गावचं नाव डब्यावर परत घ्या, असं मी मागणार आहे. लेबलाच्या नमुन्यावर सही केलेली नाही. माझं बोलून झाल्यावर ज्यांनी करायची ते करतील.

त्या अकरा जणींची नावं मला पाठ आहेत. त्यांतल्या दोघी आता नाहीत. त्यांना हे कुणी सांगायचं, ते मला सुचत नाही.

तू सभेला यावंस असं वाटतं. आलीस तर 'माज्याच हातनं गेलं' असं परत म्हणायचं नाही. मला पाठीशी घालायचं नाही. दसऱ्याला सोनं घेऊन मी येणार आहे, ते तू आधी पाठवायचं नाहीस. दारात घेतलं नाहीस तर उंबऱ्यावर ठेवून जाईन.

आणि एक. सभेला येताना माझ्यासाठी काही आणू नकोस. जेवलास का, हेही या वेळी विचारू नकोस.

सदाशिव